हत्यारं पूजेत आणि चाक हट्टाला

मंडळी, ऐका! या विश्वात स्थिर असं काही नाही! सूर्य चालतो, चंद्र चालतो, नद्या वाहतात, अख्खी पृथ्वी कुणालाही न विचारता गरगर फिरते — फक्त संगमेश्वरच्या त्र्यंबकराव सोवनींची गाडी हलत नाही! हसू नका. प्रश्न गहन आहे. माणसाला धरून ठेवणं अवघड, की सोडणं?

त्र्यंबकराव म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, गावाचे नाना. थोरले बंधू अनंतदादा देवरुखला. दोघांत अकरा वर्षं अबोला! कशावरून? जमीन? छे! दादांच्या घरच्या मुंजीच्या पत्रिकेत त्र्यंबकरावांचं नाव दादांच्या मेहुण्याच्या खाली छापलं. किती खाली? एक ओळ!

यंदा दादांचा निरोप आला — "दसऱ्याला सोनं घेऊन ये. दिवस मावळायच्या आत. नाही आलास तर पुन्हा बोलावणं नाही." दादांचं वय ब्याऐंशी. असा माणूस पुढच्या वर्षाचे वायदे करत नाही, मंडळी.

त्र्यंबकराव हरखले. सप्तमीलाच जुनी गाडी पाइप लावून धुतली, आणि ओली असतानाच हँडब्रेक कचकन ओढला. का? तर पूजेत गाडी हलू नये! हार, कुंकू, चाकाखाली लिंबू. तीन दिवस गाडी देवासारखी उभी.

दसऱ्याला दुपारी आपट्याची पानं घेऊन निघाले. हँडब्रेक खाली केला, गिअर टाकला — गाडी मागून बसली, जागची हलेना! मागचं डावं चाक जाम. आतला ब्रेक गंजून चिकटला होता.

शेजारी पांचाळ मिस्त्रींचं गॅरेज. मिस्त्री नवा सदरा घालून ओट्यावर बसलेले.

"मिस्त्री, चला!"

"नाना, हत्यारं पूजेत बसलीत. उद्यापर्यंत पान्याला हात लावायचा नाही."

"अहो, माझा भाऊ!"

"भाऊ तुमचा, हातोडी माझी. सांगायला मात्र येतो. तोंड काही पूजेत बसवलेलं नाही."

तेवढ्यात त्र्यंबकरावांच्या पत्नी कुमुदकाकू बाहेर आल्या. "अहो, डिकीतल्या जॅकला तुम्ही कधी कुंकू लावलंयत?"

वीस वर्षांत नाही! जॅक आणि चाकाचा पाना जुन्या रद्दीखाली पडलेले. बघा मंडळी, ज्यांची पूजा झाली ते पाटावर बसले. ज्यांना कुणी विचारलं नाही, ते कामाला आले! आपल्या घरात असं कोण आहे, ते आत्ता बोलू नका. शेजारीच बसली असेल.

"पुढच्या चाकांना दगड लावा," मिस्त्री म्हणाले. "हँडब्रेक खालीच राहू दे. जॅक लावून चाक काढा. आता आतल्या ड्रमवर, त्या गोल लोखंडी डब्यावर ठोका."

कशानं? काकूंनी कपड्याचं धोपाटणं आणलं. त्र्यंबकरावांनी दात-ओठ खाऊन घातला दणका!

"नाना, हळू! चिकटलेलं आहे, वैरी नाही! गोल फिरत ठोका, सगळीकडून."

"द्या इकडे," काकू म्हणाल्या. "मेहुण्याचं नाव डोळ्यांपुढे आणून काय ठोकताय?"

टक... टक... टक... टक्! ड्रम हातानं गर्रकन फिरला!

"चाक चढवा, पायाचा ब्रेक तपासा," मिस्त्री म्हणाले, "पण हँडब्रेक ओढू नका. उद्या उघडून साफ करतो."

सूर्य कलता कलता गाडी देवरुखला, दादांच्या दारातल्या चढावर. आत दोघं नवरा-बायको, हातात पानं. त्र्यंबकरावांना उतरायची सोय नाही — हँडब्रेक ओढायचा नाही, आणि पायाच्या ब्रेकवरून पाय काढला की गाडी मागे! अकरा वर्षांनी समोर आलेला भाऊ नुसता काचेतून बघतोय.

दादा पायऱ्या उतरले. वाकले. कुंपणाच्या गडग्यावरचा दगड दोन्ही हातांनी उचलून मागच्या चाकाला लावला.

"गिअरमध्ये ठेव," ते म्हणाले, "आणि उतर, गाढवा."

मंडळी, अकरा वर्षांचा अबोला असा सुटला!

आता आपल्याकडे वळतो. तुम्ही कुठला दांडा ओढून बसलाय? रागात ओढायला क्षण लागतो, पण ओला राग तसाच ठेवला की आत गंजतो. मग तुम्ही दांडा खाली केलात तरी चाक सुटत नाही. दणका घालू नका. सगळीकडून, हलक्या हातानं ठोका. आजच.

आणि एक बारीकशी विनंती. आरती झाल्यावर धट्टीकट्टी चार माणसं जरा मागे थांबा. माझी गाडी ढकलायची आहे.