ताठ मान

ठमाबाई : आन मी सांगते ना डॉक्टर, ग्रहणात हिच्या आयशीनं विळी धरली, म्हणून पोरीच्या पापण्या अशा पडल्यात.

डॉक्टर : विळीचं राहू द्या. नलू, माझ्या बोटाकडे बघ. मान वर नको करू, नुसते डोळे. हं. भुवई दाबून धरली की पापणी हलतच नाही. उचलणारा स्नायूच जन्मापासून दुबळा. कितवं वर्ष?

येसाजी : लेकीला सातवं लागलं, साहेब.

डॉक्टर : उशीर केलात. झाकलेला डोळा बघायला शिकतच नाही. आता पापणी उचलता येईल, नजरेचं सांगता येत नाही. आधी कुणाला सुचलं नाही?

येसाजी : राहीला सुचलं हुतं. हिच्या आयशीला. मुंबईला नेऊया म्हणून मागं लागलेली.

ठमाबाई : सोताचं पाप झाकायला. दिली धाडून बोर्लीला, म्हायेरी. आन ही कार्टी मोठ्यांसमोर मान वर करून उभी ऱ्हाते. किती मारली, तरी खाली घालत न्हाय.

डॉक्टर : खाली घातली तर तिला तुमचे पायच दिसतील. येसाजी, तुम्हीही मघापासून आढ्याकडे बघून बोलताय.

ठमाबाई : आमच्या पुरुषांची मानच ताठ. ह्याच्या बापाला गाव चळचळा कापायचा.

डॉक्टर : त्यांच्या पापण्या कशा होत्या?

ठमाबाई : अर्ध्या मिटलेल्या. पुरता डोळा उघडून बघावं, येवढी लायकी कुणाची हुती?

डॉक्टर : येसाजी, हनुवटी खाली घ्या. भुवया दाबतो. माझं तोंड दिसतं?

येसाजी : कोटाची बटनं दिसतात.

डॉक्टर : म्हणजे घराण्याचा रुबाब तिथवर पोचतो. ठमाबाई, हे आजोबांकडून मुलाला आणि मुलाकडून नातीला आलंय. सुनेचा काही दोष नाही.

(येसाजी पुन्हा हनुवटी वर करून आईकडे बघतो.)

येसाजी : आये, मग राहीला आणूया?

ठमाबाई : आणून गावाला काय सांगशील? तुझ्या बापाला भ्यायचे ते आजाराला? आन घरात दुसरी बायको हाय, तिचं काय?

डॉक्टर : दुसरी?

येसाजी : गेल्या वैशाखात केली. सातवा म्हैना चाललाय तिला.

डॉक्टर : नलूला मुंबईला न्या. तिथल्या सर्जनला मी कळवतो.

ठमाबाई : नेऊ. मान खाली घालायला तरी शिकंल.

डॉक्टर : आणि होणाऱ्या मुलाच्याही पापण्या अशाच निघू शकतात. तसं दिसलं तर लगेच घेऊन या.

ठमाबाई : तसं दिसलं, तर दुसरीलाबी म्हायेरी धाडू.