काही करत नाही तो!

...नाही, पण मला सांगा, चांगले बूट घालून पाण्यात उतरायचं ही कुठली रीत? आणि पाणी तरी कसलं हो, चहा! सायप्रस नावाच्या झाडांच्या पानांचा गार चहा, गुडघाभर! तुम्हाला सांगतो, मी एसीवाला माणूस. तीस वर्षं फोर्ट मायर्सच्या घराघरांतून हा दमट, चिकट, किड्यामुंग्यांचा फ्लोरिडा मी उपसून बाहेर टाकला... आणि माझी एकुलती एक पोरगी, कोरिन, त्याच्याशीच लग्न करायला निघाली! म्हणजे एमेटशी. हा एमेट लोकांना दलदलीतून फिरवतो. पोटासाठी! राहतो दलदलीच्या काठाला, खांबांवरच्या खोपटात. एसी? नाव काढू नका! खिडक्या उघड्या ठेवतो म्हणे. खिडक्या!

म्हणून मी ठरवूनच गेलो होतो. दिवसभर त्याच्यामागून चालायचं, पोराला जोखायचं आणि शेवटी तोंडावर सांगायचं, 'नाही.' अहो, बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ही त्या डासांत राहायला गेली तर मी भांडू कुणाशी?

कोरिन बरोबर होतीच. तर एमेटनं माझ्या हातात काठी दिली. "सर, आधी काठी, मग पाय." बरं. टाकली काठी, तर समोर ओंडका. ओंडक्याला डोळे! मी ओरडलो, "मगर!" हा शांत. "हो सर, नर आहे. काही करत नाही तो."

पुढं बुंध्यावर साप. त्यानं आ केला, तर आत कापसासारखं पांढरं. "विषारी आहे का रे?" "आहे ना, सर. पण काही करत नाही तो." मग विष कशाला बाळगलंय त्यानं, शोभेला? तेवढ्यात टोपीवर काहीतरी चढलं. पंजाएवढं! "हलू नका सर, कोळीण आहे. काही करत नाही ती." म्हणजे त्या अख्ख्या दलदलीत काहीतरी करणारा मी एकटाच... आणि मी काय करत होतो? थरथरत होतो!

दुपारी आडव्या पडलेल्या झाडावर बसून उकडलेले शेंगदाणे खातोय, तर वरून घुबड घुमलं. आमच्याकडची पोरंसोरंही सांगतील, हे घुबड विचारतं, 'तुझा स्वैपाक कोण करतं? तुझा स्वैपाक कोण करतं?' आता लग्नानंतर कोण करणार हो?... खोटं कशाला सांगू, उरलेले शेंगदाणे मी रात्रीच्या जेवणासाठी खिशात टाकले.

परत निघालो, तर पाणमांजरं! आई आणि दोन पिल्लं, नुसता धिंगाणा. कोरिननं माझा दंड घट्ट धरला. "डॅडी, बघा ना!" अशी हसली... आई गेल्यापासून अशी हसली नव्हती ती. मी तिच्याकडेच बघत पुढं पाय टाकला, काठी विसरलो, आणि धप्प! खड्डा. छातीपर्यंत!

एमेट धावत आला. त्यानं माझा हात धरला, स्वतःची टोपी काढली... आणि थांबला! "सर, तुमची परवानगी मागायची होती. कोरिनसाठी. सकाळपासून विचारीन म्हणतोय, धीरच होत नाही." ऐका! मगरीपुढं धीर होतो, माझ्यापुढं होत नाही! बापाला विचारायची आमची पद्धत चांगलीच आहे, पण बापाला आधी बाहेर तर काढा! मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं... आणि तो सकाळचा डोळेवाला ओंडका हलला. "हो! हो! दिली! आधी ओढ मला!"

ओढलं त्यानं एका झटक्यात. बूट राहिला आत. म्हणतो कसा, "सर, तो दुसरीकडे चालला होता. काही करत नाही तो."

घरी येताना मी मागच्या सीटवर, टॉवेल गुंडाळून, एका बुटावर. आरशातून त्याच्याकडे असा बघतोय, असा बघतोय... तो घाबरून कोरिनच्या कानात कुजबुजला, "तुझे डॅडी डोळे वटारून बघतायत गं." कोरिननं मान वळवायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

"बघू दे रे. काही करत नाहीत ते."

...काय करणार? परवा जाऊन त्या खोपटात एसी बसवून आलो.