बाटलीच्या झाकणाएवढा बगळा

…नाही, पण मासा कशाला? तुम्हीच सांगा! सरकारी शिक्क्यासाठी मी काढला होता एक बगळा. एका पायावर उभा, खाली पाण्याची एक रेघ, बस्स. चित्रकलेचा मास्तर म्हणून जन्मभर पोरांच्या वाकड्या बादल्या सरळ केल्या, म्हटलं, आपल्या हातची एक तरी रेघ मागे राहील, कागदाकागदावर उमटेल. बायकोनं तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं. आणि शिक्का केवढा? बाटलीच्या झाकणाएवढा!

तर समितीची बैठक. प्रोजेक्टर लावून भिंतीवर माझा बगळा, दारापेक्षा उंच. मत्स्यखात्याचे साहेब घसा खाकरून म्हणाले, "बगळा आहे आणि मासा नाही?" घातला मासा. लगेच शेतीवाल्यांचं नाक फुगलं, आम्ही काय घोडं मारलंय? घातली कणसं. मग वीजवाल्यांचा खांब, रस्तेवाल्यांचा रस्ता, त्या रस्त्याला पूल, आणि आरोग्याच्या बाई, अगदी गोड आवाजात… "पक्ष्याचा दुसरा पाय कुठंय हो? लोकांना वाटेल, आपण उपचारच केले नाहीत." आता काय बोलणार, कपाळ? दिला पाय! मी घसा फोडून सांगतोय, साहेब, भिंतीवर सगळं दिसतंय, पण शिक्का केवढा? बाटलीच्या झाकणाएवढा! तर अध्यक्ष म्हणतात, "मास्तर, दृष्टी मोठी ठेवा." टाळ्या. मंजूर.

शिक्का तयार झाला, कागदावर मारला… आणि काय उमटलं? डाग! नुसता काळा गोळा. मला रडू आलं हो, खरंच सांगतो. पण बाकी कुणाला काही आहे का? सगळ्या कचेऱ्यांत तोच डाग, ठप्प, ठप्प, ठप्प, आणि लोकांना त्याची सवयही झाली.

परवा मुलीच्या नोकरीसाठी दाखला काढला. नशिबानं शिक्का नवाकोरा, शाई बेताची, आणि काय सांगू तुम्हाला, बगळा दिसला! चोच, मान, सगळं. बाटलीच्या झाकणाएवढा, पण बगळाच! डोळे भरून पाहिला, मुलीला दाखवला. नोकरीचे अर्ज घेणाऱ्या कचेरीत खिडकीवर तो दाखला दिला, तर कारकुनानं उलटसुलट करून परत सरकवला.

"शिक्का बनावट आहे."

"अहो, कशावरून?"

"चित्र दिसतंय."

अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. मुलगी माझ्या तोंडाकडे बघतेय. काय करणार सांगा? अंगठा जिभेला लावला आणि फिरवला आपल्याच बगळ्यावरून. कारकुनानं कागद पुन्हा उजेडात धरला, मान डोलावली.

"हां, आता ओळखू येतोय."