नारळ आधी का गाडी आधी

घ्या, चहा घ्या, अन् मारोतीच्या ट्रकाचं ऐका. वारंगा फाट्यावर त्याला नवा गेरबॉक्स बसवला. मागं हळदीची पोती भरलेली, बोली लागायच्या आत वसमतला पोचायचं. अन् गेर काही केल्या पडंना. क्लच अर्ध्यातच अडकून राहिला.

मिस्त्री म्हणला, "नवा गेरबॉक्सच खराब हाय. परत उतरवा लागंल."

मारोती रडकुंडीला आला. "मंग हळद काय डोक्यावर नेऊ?"

कॅबिनात बाजूलाच बसलेलो मी म्हणलो, "ने की. पिवळा झालास तर दुसरं लगीन तरी जमंल."

हसता हसता माझी तंबाखूची पुडी खाली पडली. वाकून हात घातला, तर क्लचच्या पायडलाखाली नारळ. तो काढला अन् गेर गपकन पडला.

"मारोती, ह्यो नारळ कुणाचा?"

"माझाच, आबा. गेरबॉक्सच्या पूजेचा."

"मंग फोडला काहून न्हाई?"

"गाडी हालली की फोडू म्हणलं व्हतं."

मिस्त्रीनं नारळ हातात घेतला. एकदा नारळाकडं बघितलं, एकदा मारोतीच्या टकलाकडं.

"आबा, यातलं कोणतं फोडू?"