टाकोवाल्या बाईंना बशा विकायला गेलो तेव्हा

...अहो, बशीसुद्धा नाही! तुम्हाला सांगतो, हॉटेल माणसांनी फुटतंय, रांग पार शेजारच्या चष्मेवाल्याच्या पायरीपर्यंत, आणि आत बशी? एक नाही! आता मी पडलो काचसामानाच्या दुकानातला. दुकान सासऱ्यांचं. हॉटेलाहॉटेलांत फिरून बशा खपवायच्या, हे माझं काम. आणि परवाच सासरे घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, या महिन्यात मोठी ऑर्डर आणा, नाहीतर गोदामात बसा, पेंढ्यात कप गुंडाळत!" गोदामात! खिडकी नाही हो तिथे! मग अशी रांग दिसल्यावर माझा जीव हरखणार नाही? लोकांना डोकी दिसतात, मला बशा दिसतात!

आत गेलो. खुर्च्याच नाहीत. छातीएवढी उंच टेबलं, भोवती माणसं उभी. एक साहेब, टाय खांद्यावर टाकलेला, कंबर मागे, मान पुढे, डोकं तिरकं... म्हटलं बिचाऱ्याची मान धरली! बघतो तर सगळ्यांचीच धरलेली! आणि खातात काय, तर मक्याची तळहाताएवढी मऊ पोळी, टॉर्टिया म्हणतात तिला, दुमडलेली, आत भाजलेलं मांस, कांदा, कोथिंबीर, वरून लिंबू. हा टाको. देतात कशावर? कागदावर! बशी नाही हो, बशी!

मालकीणबाई तव्यापाशी. तापलेल्या तव्यावरची टॉर्टिया नुसत्या बोटांनी उलटतात! शेजारी त्यांचा भाऊ फिरत्या सळईवरचं मांस सपासप उतरवतोय, वर अननस खोचलेला, त्याची चकती सुरीने उडवतो... हवेत! आणि बरोब्बर टाकोत! मी आ वासून उभा. माझ्या हातून धुतलेला कप निसटतो हो, आणि मी म्हणे धंद्यातला!

तरी धंदा तो धंदा. नमुन्यांची पेटी उघडली, निळ्या काठाची बशी काढली. बाई म्हणाल्या, "आधी खाऊन घ्या भाऊ." म्हटलं हीच संधी! टाको बशीत ठेवला, पेटीतली काटा-सुरी काढली, आणि शिस्तीत कापला. कापला कसला, फुटला! कांदा इकडे, अननस तिकडे, सॉस शर्टावर... सगळ्या वाकड्या माना माझ्याकडे वळल्या. टायवाले साहेब हळूच म्हणाले, "काका, हात सरळ ठेवा. मान वाकडी करा."

बाईंनी दुसरा दिला. वाकवली मान. आणि अहाहा... काय सांगू! लिंबू झणकन कानापर्यंत गेलं, मागून तिखट आलं, रस कोपरापर्यंत ओघळला, आणि मला तो पुसावासाच वाटेना! जन्मभर सांगत फिरलो, चांगल्या बशीने चव वाढते म्हणून... साफ खोटं हो! पेटी मिटली. म्हटलं, "बाई, तुम्हाला बशी नको." हे मी म्हणालो! मी!

दुकानात येऊन सांगितलं, तर सासरे भडकले. "बशी नको म्हणजे? चला, विकायचं कसं ते दाखवतो!" केळंसुद्धा बशीत कापून खाणारा माणूस! तावातावाने आत शिरले, मी बाहेर पायरीवर. वाट बघतोय, बघतोय... येईनात! डोकावलो, तर सासरे टेबलापाशी, चष्मा कपाळावर, मान तिरकी, डोळे मिटलेले!

म्हटलं, "मामा, ऑर्डर?"

डोळे न उघडता म्हणाले, "गिऱ्हाईक अवघड आहे, जावईबापू. बाईंना पटवून द्यायला रोज यावं लागणार. मीच येत जाईन. तुम्ही गोदामात बसा."

बसलोय. रोज संध्याकाळी येतात, "आज अगदी थोडक्यात हुकली हो," म्हणतात, आणि बाहीला कोपरापर्यंत लिंबाचा वास... काय बोलणार! सासरे पडले ना.