खंडेनवमीला पुजलेला पासपोर्ट

माझं माहेर शेळगाव, आन् दिली हितं कळसला, म्हंजी इंदापूर तालुक्यातनं इंदापूर तालुक्यातच. नाव माझं हिराबाई. चौथी शिकले, मंग बानं शाळंतनं काढली, आन् हितं आल्यावर सासऱ्यानं ही पिठाची गिरणी हातात दिली ती आजून सुटली न्हाय. मालक जाऊन चौदा वर्सं झाली, तवापासनं एकटीच चालवते, बाजरी, ज्वारी, गहू, जे यील ते दळते. काय सांगू तुमाला ताई, माझी दुनिया म्हंजी भिगवणचा बाजार, बारामतीचा दवाखाना आन् इंदापूरची कचेरी, बास. त्या बाईनं पासपोर्ट काढला, आन् एक न्हाय, दोन काढले. हसताय व्हय, हसा, मलाबी आता हसू येतंय, तवा रडू येत व्हतं.

आदी पोरीचं सांगते. एकुलती एक, वंदना. बारामतीत नर्स झाली, तितली भाषा शिकली आन् गेली जर्मनीला, जावईबी तितंच कामाला हायत. दिवस गेले तसा तिचा फोन आला. आपल्यात पैलं बाळंतपण माहेराला, पन तिला काय येता यीना, डॉक्टर न्हाय म्हनले, तिची सासू हिकडं अंथरुणाला खिळलेली, मंग तिच्याजवळ कोन? म्हनली, आई, तूच ये. मी म्हनलं, अगं, मला बारामतीच्या ष्टॅंडवर फलाट गावत न्हाय, मी कशी येऊ? ती नुसती रडली. पोरगी माझी रडणारी न्हवं हो, बाप गेला तवा मला धरून उभी ऱ्हायलेली. मी म्हनलं, गप, येते मी. बोलून बसले.

बारामतीला एक फॉर्म भरून देणारे भाऊ हायत, त्यांनी समदं भरलं. मंग भिगवणवरनं रेल्वेनं पुण्याला. तितं ते हापिस, थंडगार, फरशीत तोंड दिसतंय, भिंतीवर नंबर पळत्यात. दहाच्या दहा बोटं घेतली माझी, काचंवर ठेवून. म्हनलं, ह्या बोटांनी जलमभर पीठ चिमटीत धरून बारीक-जाड बगितलं, ती आता दिल्लीत जानार. मंग गावात पोलीस आला चौकशीला. गिरणीम्होरं फटफटी लावली, गिऱ्हाइकं बाजूला सरली. शेजाऱ्यांना विचारलं, ही बाई हितलीच का, चालचलन कसं हाय? आमच्या शेजारची कोंडाबाई, जिचं आन् माझं पाण्यावरनं धा वर्सं बोलणं न्हवतं, ती म्होरं आली आन् म्हनली, लिवा साहेब, हिच्यासारखी बाई न्हाय. सरकारानं विचारलं म्हनून मला कळलं, न्हायतर मरूस्तवर कळलं नसतं.

पोस्टमन पासपोर्ट घेऊन आला तवा मी हात धुतले, पदराला पुसले, मंग सही केली. आमच्या आळीत तात्या हायत, रिटायर गुरुजी, त्यांच्याकडं गेले, म्हनलं, तात्या, काय लिवलंय वाचा. तात्यांनी चष्मा लावला, आन् पैल्या पानावरचं वाचून मराठीत सांगितलं. राष्ट्रपतींच्या नावानं समद्यांना विनंती हाय आन् सांगणं हाय, की हे ज्याच्यापाशी हाय त्याला बिनआडकाठी जाऊ द्या, लागंल ती मदत करा, त्याला सांभाळा. मी म्हनलं, परत वाचा. तीनदा वाचायला लावलं. आवो, ज्या बाईला सोसायटीत खत मागाया गेलं तर उद्या या म्हनत्यात, तिच्यासाठी राष्ट्रपती दुनियेला सांगत्यात! तात्या म्हनले, हिराबाई, समद्यांच्याच पासपोर्टात हेच असतंय. मी म्हनलं, आसंना, माझ्याबी हाय ना.

आन् हितंच माझं चुकलं.

खंडेनवमी आली. आमच्या घरात त्या दिवशी गिरणी बंद, पट्टा उतरवायचा, जातं धुवायचं, मापं, विळा, कोयता, पाना, ज्याच्यावर आपण जगतो ते समदं चौरंगावर मांडून पुजायचं. मला वाटलं, ह्याच्याहून मोठी वस्तू घरात कोनची हाय? पासपोर्ट मधी ठेवला. तेबी मिटून न्हाय, उघडून, त्याच पानावर, राष्ट्रपतींचं बोलणं हाय तितं. पानी शिपडलं, हळद, अक्षता वाहिल्या, ओल्या कुंकवाचा स्वस्तिक काढला चांगला ठसठशीत, झेंडू वाहिला, नारळ फोडला, त्याचं पानी उडालं ते उडालं. रातभर तसाच ठेवला, पूजा हलवत्यात व्हय?

दसऱ्याला उचलला तर पानं चिकटलेली. सोडवली तर समदं लालभडक, माझ्या फोटोवर, नंबरावर. मी आपली शानी, ओल्या फडक्यानं पुसाया गेले, तर फोटोवरचा कागदच सुटला. तवाबी मला कळलं न्हाय हो. मी कौतुकानं वंदनाला व्हिडिओवर दाखवला, बग, पुजलाय. तिनं तोंडावर हात ठेवला. आई, हे काय केलंस, आता ह्याच्यावर व्हिसा मिळायचा न्हाय. पोटावर हात ठेवून खाली बसली ती. पौषात तिची तारीख. मला वाटलं गिरणीत हात गेला असता तर बरं झालं असतं.

परत बारामती. फॉर्मवाले भाऊ बगतच ऱ्हायले. म्हनले, मावशी, खराब झाला म्हनून नवा मिळतो, पन सायब विचारतील, पाण्यात पडला म्हना, पूजेचं बोलू नका, हसत्याल. मी व्हय म्हनलं. रेल्वेत भिगवण ते पुणं घोकत गेले, पाण्यात पडला, पाण्यात पडला. आन् खिडकीम्होरं बसले, पलीकडं एक मॅडम, माझ्या पोरीच्या वयाची. तिनं पासपोर्ट उघडला, आतनं अक्षता सांडल्या टेबलावर. विचारलं, कसा खराब झाला? आता काय खोटं बोलता, अक्षता म्होरं पडल्यात! आन् राष्ट्रपतीच्या कागदावर खोटं मला बोलवंना. म्हनलं, पुजला मी, बाई. देवासारखा पुजला. ती म्हनली, हे लिहून द्या, तुमच्या हातानं. चौथी शिकलेल्या हातानं लिवलं, मी खंडेनवमीला पूजा केली, माझी चूक झाली, माझ्या पोरीचं बाळंतपण हाय.

ते घेऊन ती आत गेली. किती वेळ गेला काय सांगू, मला वाटलं वंदना बाळंत होऊन पोर चालाया लागलं. मंग एक मोठे साहेब आले, माझा कागद हातात. म्हनले, आजी, कशाकशाबरोबर पुजला? मी सांगितलं, मापं, विळा, कोयता, पाना, जात्याचा दगड. ते हसले न्हाईत. म्हनले, नवा देतो, पन ह्याची पूजा करायची न्हाय. मी म्हनलं, मंग काय करायचं? म्हनले, वापरायचा.

नवा आला. ह्या बारीला मी प्लास्टिकच्या पिशवीत घातला, त्यावर फडकं, त्यावर पत्र्याचा डबा. व्हिसा झाला, इमान झालं, ढगाच्या वर गेले मी, खालनं कापसासारखं समदं, पन ते तुमी बगितलं आसंल. मी सांगते तितं जर्मनीत उतरल्यावर काचंमागच्या गोऱ्या साहेबाचं. त्यो काय तर विचारी, मला काय कळंना. वंदनानं तिच्या पासपोर्टची झेरॉक्स धाडली व्हती, ती म्होरं केली. त्यानं शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तितं आईचं नाव छापल्यालं असतंय, मला ठाऊकच न्हवतं. त्यानं माझं नाव बगितलं, तिच्यातलं बगितलं, परत माझ्याकडं बगितलं, आन् मान डोलावली. माझी पोरगी धा वर्सं माझं नाव संगं घेऊन फिरतीय परमुलखात, आन् कुठं कुठं दाखवतीय, आन् मी हितं कळसला बाजरी दळतीय. डोळं भरलं. शिक्का मारला त्यानं, जाऊ दिलं बिनआडकाठी.

पोरगी झाली. मला आत उभं ऱ्हाऊ दिलं, वंदनाचा हात माझ्या हातात, नखं रुतली तिची, हे बगा, आजून वण हाय. तेल लावून न्हाऊ घातली नात, शेक दिला, डिंकाचे लाडू केले, तितल्या नर्सनंबी दोन खाल्ले. तीन महिन्यांनी परत आले, दुसऱ्या दिशी पट्टा चढवला.

आता नातीचा पासपोर्ट झालाय, फोटोत डोळं मिटल्यालं हायत, तरी सरकार चालवून घेतंय. वंदना सांगत व्हती, ल्हान पोराचा पाच वर्सांचाच असतोय, नंतर पुन्हा काढायचा. माझा किती म्हनून बगितला तात्यांकडनं, तर धा वर्सं. आता मी बासष्टची, मालक छप्पनला गेले, सासू साठीला. घरातल्या कुणी माझी आजून जगायची धा वर्सं धरली न्हाईत ताई, मीबी धरली न्हवती. पन तितं छापलंय, शिक्क्यानिशी. मंग म्हनलं, सरकार धरतंय तर आपण कशाला कमी धरा? पोरगी माझी सुखी ऱ्हावो, तुमीबी सुखी ऱ्हावा. जावा आता, दळण निवलंय तुमचं.