घरट्यातली ऊब

रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या.

"ताई, कपाळाला काय लागलं?"

"बुलबुलानं चोच मारली. गॅलरीतल्या कुंडीत घरटं होतं ना, जवळ गेलं की अंगावर यायचा."

"एवढासा जीव!"

"अंडी घातली की हार्मोन्स चढतात म्हणे. पिल्लं उडाली की आपोआप उतरतात."

"मग उडाली?"

"परवा. काल मी मुद्दाम घरट्यात बोट घातलं. उन्हानं असेल, पण अजून ऊब होती गं. तो तारेवरून नुसता बघत राहिला."

"सुटलीस बाई."

"हं. आज माझेही हार्मोन्स बघणार आहेत. उतरले असतील ना?"

"तुझे? मुलगा परगावी जाऊन सहा वर्षं झाली, आणि परवा त्याच्या साहेबाला फोन करून झापलंस!"

"आवाज किती खोल गेला होता गं पोराचा."